रेघ सपाट झाली म्हणजे आंबवण संपलं का?

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळचे सात वाजले होते. मी सावद्याला निघायच्या गडबडीत होतो आणि भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत पोर्टलंडला असतो. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. "मामा, डबा मुका व्हई गया!" पोरगं चोपड्यात वाढलेलं, वैतागलं की आपोआप अहिराणीवर येतं.

डबा म्हणजे त्याचं वीस लिटरचं स्टीलचं भांडं. त्यात बिअर आंबत होती आणि बिअरमध्ये एक नळीएवढा सेन्सर तरंगत होता. हा सेन्सर द्रवाची घनता आणि तापमान बिनतारी पाठवतो आणि मोबाईलवर त्याची रेघ उमटते. चार दिवस रेघ छान खाली उतरत होती. मग १.०२४ वर येऊन ती सरळ झाली आणि नऊ तास तशीच. आंबवण मध्येच अडलं? संपलं? की सेन्सरच गेला? त्याला काही कळेना.

बिअर हा माझा विषय नाही. मी केळी पिकवायच्या चेंबरमध्ये सेन्सर बसवतो आणि दुरुस्त करतो. सावदा, रावेर, फैजपूर, चोपडा हा माझा पट्टा. पण भाच्याचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच होता. सपाट रेघेचे अर्थ निदान तीन असतात आणि पडद्यावर ते तिन्ही सारखेच दिसतात. ते वेगळे कसे ओळखायचे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर, वाइन किंवा कुठलीही दारू बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे हे वाचून कुणी घरी बॅरल मांडू नये. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरगुती वापरापुरती बिअर बनवायला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली. दोन प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर. भाचा तिथे आहे आणि त्याचा हा छंद तिथल्या नियमात बसतो. आपल्याला घ्यायचं आहे ते मोजमापाचं शास्त्र. ते केळीच्या चेंबरला लागू पडतं, दुधाच्या शीतगृहाला लागू पडतं आणि परवाना काढून वाइनरी चालवणाऱ्यालाही.

आंबवणं खानदेशी घराला नवं नाही. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत पडतात. आई रोज पाणी बदलते, एक दाणा उचलून बोटांत दाबते, पांढरं दूध सुटतं का बघते, मग वास घेते. तिचा सेन्सर म्हणजे तिचं नाक आणि तिची दोन बोटं. गव्हात मुख्यतः आंबटपणा आणणारे जिवाणू काम करतात, तर बिअरमध्ये काम यीस्टचं असतं. जव भिजवून, मोड आणून, वाळवून त्याचा माल्ट करतात. माल्ट गरम पाण्यात मुरवला की गोड काढा निघतो. यीस्ट त्यातली साखर खातं आणि तीन गोष्टी बाहेर टाकतं: अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात. तिच्याकडे आपण परत येऊ.

साखर विरघळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असतं. साखर कमी होत गेली की द्रव हलका होतो, शिवाय तयार झालेलं अल्कोहोल पाण्याहून हलकं असल्यानं आणखी हलका होतो. काढ्याची घनता सुरुवातीला १.०५० असेल, तर तो पाण्याच्या पाच टक्के जास्त जड आहे. आंबवण पुरं होता होता ती १.०१० च्या आसपास येते. या दोन आकड्यांच्या फरकाला १३१.२५ ने गुणलं की अल्कोहोलचं ढोबळ प्रमाण निघतं. आपल्या उदाहरणात सव्वापाच टक्के. म्हणजे घनता मोजता आली की आत किती काम झालं ते कळतं.

ही घनता मोजायची जुनी रीत तुम्ही डेअरीवर पाहिलेली आहे. दुधात काचेचा लॅक्टोमीटर सोडतात, तो किती बुडाला यावरून पाणी घातलंय का ते कळतं. बिअरवाल्यांचा हायड्रोमीटर हा त्याचाच भाऊ. अचूक आणि स्वस्त, बॅटरी नाही, बिघाड नाही. अडचण एवढीच की प्रत्येक वेळी झाकण उघडून नमुना काढावा लागतो. त्यात हवा जाते, जंतू जायची भीती असते आणि वीस लिटरातलं पावशेर रोज मोजण्यातच संपतं. म्हणून लोकांनी तरंगणारा सेन्सर काढला.

नळी कलते कशी आणि खोटं बोलते कशी

बाजारात टिल्ट नावाचा असा सेन्सर मिळतो. स्वतः बनवायचा असेल तर आयस्पिंडल नावाची खुली रचना आहे, तिचे आराखडे कुणालाही मिळतात. भाच्याकडे सध्या ही दुसरी आहे. दोन्हींचं तत्त्व एकच. प्लास्टिकच्या बंद नळीत बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स अशा बेतानं बसवतात की वजन मधोमध येत नाही. नळी पाण्यात सोडली की थोडी कलून तरंगते. आयस्पिंडल साध्या पाण्यात उभ्या रेषेपासून साधारण २५ अंश कललेली असावी, असा संकेत आहे. पाण्यात साखर घातली की द्रव नळीला जास्त उचलून धरतो आणि नळी आणखी आडवी होते. आंबवण जसजसं पुढे जातं तसतशी ती हळूहळू उभी राहते. आत एक चिप असते, मोबाईल आडवा केला की पडदा फिरवणाऱ्या चिपच्या जातीची. ती पृथ्वीची ओढ कुठल्या दिशेला आहे ते मोजते आणि त्यावरून कोन काढते.

म्हणजे सेन्सर घनता मोजतच नाही. तो कोन मोजतो. या कोनाला ही घनता, असं कोष्टक आपण आधी बसवून दिलेलं असतं. कोष्टक चुकलं तर सेन्सर तीन आठवडे अगदी स्थिर, अगदी खात्रीनं चुकीचा आकडा देत राहील.

ते कोष्टक बसवायचं काम आम्ही यंदा मे महिन्यात चोपड्याच्या घरी केलं. भाचा सुट्टीला आला होता, नळी पिशवीतून घेऊन आला होता. साखर आणि पाणी, एवढंच लागतं. ५० ग्रॅम साखर आणि ९५० ग्रॅम पाणी घेतलं की घनता १.०२० होते. १०० ग्रॅम साखर आणि ९०० ग्रॅम पाण्याची १.०४०, १५० आणि ८५० ची १.०६१, २०० आणि ८०० ची १.०८३. पाणीसुद्धा काट्यावर तोलून घ्यायचं, पेल्यानं मापायचं नाही. आईच्या उंच डब्यात एकेक द्रावण करून नळी सोडायची, पाच मिनिटं थांबायचं, कोन लिहून घ्यायचा.

पहिला फेरा वाया गेला. टाकीचं पाणी, बाहेर ४४ अंश, द्रावण ३४ अंशांवर. ही सगळी मापं २० अंशांसाठी धरलेली असतात आणि गरम पाणी हलकं असतं. २० वरून ३४ अंशांवर गेलं की फक्त तापमानामुळे घनतेत जवळपास चार पॉइंटचा, म्हणजे ०.००४ चा फरक पडतो. मग आईनं मोठी परात काढली, कोपऱ्यावरच्या रसवंतीवरून बर्फ आणवला आणि डबा त्या बर्फाच्या पाण्यात ठेवला. बर्फ बाहेर, द्रावण आत. आत बर्फ टाकला तर प्रमाणच बिघडेल. थर्मामीटर २० वर आल्यावर एकेक कोन घेतला. पाच बिंदू मिळाले, साधं पाणी धरून. त्यांच्यामधून जाणारी वक्र रेषा काढली. एक सावधगिरी इथेच सांगतो. शेवटच्या बिंदूच्या पुढे या रेषेवर विश्वास ठेवू नका. १.०८३ पर्यंतच तपासलं असेल आणि काढा १.१०० चा असेल, तर रेषा तिथे कुठेही वळू शकते.

कोष्टक बरोबर असलं तरी आत जे घडतं ते वेगळंच असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिअरवर जाड फेस येतो. तो नळीच्या वरच्या टोकाला चिकटतो, वाळतो, वजन वाढवतो आणि कोन बदलतो. गॅसचे बुडबुडे अंगाला चिकटून नळीला उचलतात. कधी नळी भांड्याच्या कडेला टेकून बसते. म्हणून रेघ पहिल्या तीन दिवसांत वेडीवाकडी नाचते आणि नवशिका घाबरतो. त्याला माझं सांगणं असं की एका आकड्याकडे बघू नका. लागोपाठचे पाच आकडे घ्या, ते चढत्या क्रमानं लावा आणि मधला उचला. एखादा फारच भरकटलेला आकडा असेल तर तो आपोआप कडेला पडतो. सरासरी काढली तर तोच वेडा आकडा बाकी चौघांना ओढून नेतो. उमेदवारीच्या काळात मी चेंबरमध्ये सरासरी वापरायचो. मधला आकडा घ्यायला लागल्यापासून रात्रीचे खोटे अलार्म खूप कमी झाले.

दवंडी आणि पोच

आता मूळ प्रश्नाकडे. नळीतून निरोप बाहेर येतो कसा?

ब्लूटूथवर चालणारा टिल्टसारखा सेन्सर दवंडी पिटतो. ठरावीक वेळानं ओरडतो, "घनता इतकी, तापमान इतकं." कुणी ऐकलं का, हे त्याला माहीत नसतं आणि तो विचारतही नाही. वायफायवर चालणारी आयस्पिंडल पोच घेऊन टपाल टाकल्यासारखं काम करते: आधी घरातल्या राउटरशी ओळख पटवते, निरोप देते, पोच घेते आणि झोपते. दवंडीला बॅटरी कमी लागते, पण निरोप हरवल्याचं पिटणाऱ्याला कळत नाही. पोचेच्या टपालाला बॅटरी जास्त लागते. म्हणून आयस्पिंडल सहसा पंधरा मिनिटांतून एकदाच जागी होते.

दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. या लहरींचे दोन वैरी. एक धातू, तो त्यांना परत फिरवतो. दुसरं पाणी, ते त्यांना पिऊन टाकतं. भाच्याची मांडणी बघा. सेन्सर बिअरमध्ये, बिअर स्टीलच्या भांड्यात आणि भांडं थंड राहावं म्हणून जुन्या आडव्या डीप फ्रीजरमध्ये, ज्याचं अंग पुन्हा पत्र्याचं. दोन्ही वैऱ्यांच्या घरात नेऊन बसवलेला निरोप्या!

घरी करून बघा. मोबाईलवर गाणं लावा, ब्लूटूथ स्पीकर शेजारच्या खोलीत ठेवा, मग मोबाईल स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावा. गाणं बहुधा एकदम बंद पडणार नाही, अडखळत राहील. झाकणाच्या फटीतून लहरी थोड्या झिरपतात. डबा अर्धा फूट सरकवला की कधी सुधारतं, कधी बिघडतं. लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची आहे. भिंतींवर आपटून परत आलेल्या लहरी एकमेकींना कुठे साथ देतात आणि कुठे मारतात, ते वीतभर अंतरात बदलतं. मला स्वतःला पूर्ण बंद पडलेली यंत्रणा परवडते. अधूनमधून चालणारी यंत्रणा फार फसवी, कारण बसवली त्या दिवशी ती चाललेली असते.

भाच्याला मी फोनवर एकच प्रश्न विचारला: "शेवटचा निरोप किती वाजताचा आहे?" त्यानं ॲप उघडलं. मोठ्या अक्षरात १.०२४ लिहिलं होतं. वेळ कुठेच नव्हती. आत कुठेतरी जुन्या नोंदी काढून बघितल्या तेव्हा कळलं की शेवटचा निरोप सकाळी साडेआठचा. त्याच सकाळी त्यानं फ्रीजरमध्ये जागा करायला भांडं कोपऱ्यात सरकवलं होतं. पुढचे नऊ तास एकही निरोप बाहेर आला नव्हता आणि ॲप शेवटचाच आकडा दाखवून रेघ पुढे ओढत होतं. त्यानं फ्रीजरचं दार उघडलं, दहा मिनिटांत नवा आकडा आला: १.०१६. बिअर थांबली नव्हती, संपलीही नव्हती. ती दिवसभर तिचं काम करत होती.

हे मला फोनवर लगेच सुचलं, त्याला कारण आहे. सात-आठ वर्षांपूर्वी सावद्याकडच्या एका चेंबरमध्ये मी बसवलेल्या पडद्यावर रात्री दहापासून सकाळी नऊपर्यंत १७.२ अंश दिसत होते. केळी पिकवायला १६ ते १८ अंश लागतात, तेव्हा वॉचमन निश्चिंत. खरी गोष्ट अशी की रात्री वीज जाऊन आली, राउटर नीट उठलाच नाही आणि कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे त्याला वीज जोडणारा स्विच, ट्रिप होऊन बसला. पडदा शेवटचा आकडा धरून होता. पिकणारी केळी स्वतः उष्णता सोडतात, यीस्टसारखीच. सकाळी केळाच्या गरात थर्मामीटर खुपसला तर २४ अंश. माल एकदम पिकला, सालं मऊ पडली, लांबच्या बाजारात जाण्याजोगा राहिला नाही. ती चूक माझी होती. मी आकडा दाखवला होता, त्याची वेळ दाखवली नव्हती. त्या व्यापाऱ्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून प्रत्येक निरोपाबरोबर मी चार गोष्टी पाठवतो: माप, वेळ, निरोपाचा अनुक्रमांक आणि बॅटरीचा व्होल्टेज. अनुक्रमांकाचं महत्त्व पावतीपुस्तक हाताळणाऱ्याला सांगायला नको. २१४ नंतर २१९ आला तर मधल्या चार पावत्या कुठे गेल्या, हा प्रश्न विचारता येतो. बॅटरीचा आकडा येणाऱ्या संकटाची आगाऊ बातमी देतो. आयस्पिंडलमधली गोल लिथियम बॅटरी पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट दाखवते. वायफाय चालू होताना चिप क्षणभर मोठा करंट ओढते. बॅटरी उतरलेली किंवा थंडीनं मंदावलेली असेल तर त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतो आणि चिप निरोप देण्याआधीच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं रेंज नाही.

पडद्याच्या बाजूनं नियम एकच. दोन निरोपांची वेळ हुकली की आकडा काढून टाकायचा आणि जागा रिकामी दाखवायची. रेघ तुटली पाहिजे. तुटलेली रेघ बघून माणूस उठून जातो, सपाट रेघ बघून झोपतो.

या कामासाठी एमक्यूटीटी नावाची निरोपांची पद्धत फार चांगली आहे. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवण्यासाठी काढली, जिथे निरोप उपग्रहावरून जायचे आणि प्रत्येक अक्षराला पैसे पडायचे. तिच्यात उपकरण जोडणी करतानाच एक मृत्युपत्र लिहून ठेवतं: "मी न सांगता गायब झालो तर सगळ्यांना हे कळवा." ठरवून दिलेल्या वेळेत उपकरण बोललं नाही की मध्यस्थ संगणक ते मृत्युपत्र वाचून दाखवतो. पण पंधरा मिनिटं झोपणाऱ्या सेन्सरला हे तसंच लावता येत नाही, कारण तो दर वेळी निरोप देऊन, रीतसर निरोप घेऊन झोपायला जातो. मृत्युपत्र लावायचं ते सेन्सरचे निरोप ऐकून पुढे पाठवणाऱ्या, सतत जाग्या असणाऱ्या रिसीव्हरला. आणि याच पद्धतीत शेवटचा निरोप साठवून नव्या ऐकणाऱ्याला देण्याची सोय आहे, तिथे जपा. कालचा आकडा आज ताज्यासारखा दाखवायची ती सर्वांत सोपी वाट आहे.

रेंजवर उपाय फार महाग नाहीत. भाच्यानं रिसीव्हर फ्रीजरच्या आतच, भांड्याच्या झाकणाशेजारी ठेवला आणि चपटी वायर दाराच्या रबरातून बाहेर काढली. दार लागतं, थंडी टिकते. आत ओल धरते, म्हणून रिसीव्हर प्लास्टिकच्या डबीत, बरोबर सिलिका जेलच्या दोन पुड्या. स्टीलचं भांडं तेच, पण झाकणाचा मधला भाग प्लास्टिकचा बसवला. नळी तरंगते आणि तिचा अँटेना वरच्या टोकाला असतो, ही जमेची बाजू. वर रस्ता मोकळा केला की लहरींना बिअरमधून जावं लागत नाही. आमच्या चेंबरमध्ये अंतरं मोठी आणि भिंती पत्र्याच्या पॅनेलच्या, म्हणून तिथे मी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारे लोरा, म्हणजे लांब पल्ल्याच्या बिनतारी पद्धतीचे, सेन्सर वापरतो. हा पट्टा भारतात लहान उपकरणांसाठी परवान्याविना खुला आहे. लहर लांब असल्यानं ती फटींतून आणि कोपऱ्यांवरून बरी वाट काढते, वेग मात्र कमी. तापमानाचा एक आकडा पाठवायला वेग हवाय कुणाला?

८५ अंशांची केळी

तापमानाचा सेन्सर बहुतेकांकडे एकच असतो, डीएस१८बी२०. तीन तारांचा, स्टीलच्या टोपीतला, अर्ध्या अंशाच्या आतबाहेर बरोबर. त्याची एक खोड माहीत हवी. वीज मिळाल्यावर पहिलं माप पुरं व्हायच्या आत त्याला विचारलं, तर तो ८५ अंश सांगतो. तार तुटलेली असेल तर बहुतेक प्रोग्रॅम उणे १२७ दाखवतात. हे दोन्ही आकडे म्हणजे मापं नव्हेत, तक्रारी आहेत. रावेरला एका चेंबरचा पंखा मध्यरात्री पूर्ण वेगानं सुरू झाला होता, कारण जोडणी सैल होती आणि कंट्रोलरला एका क्षणापुरती केळी ८५ अंशांची वाटली. प्रोग्रॅममध्ये एक ओळ घाला: हे दोन आकडे आले तर फेकून द्या आणि पुन्हा विचारा.

आता ती तिसरी गोष्ट, उष्णता. आंबवण जोरात असतं तेव्हा भांड्याच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश जास्त असतं. एल जातीच्या बिअरचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांवर खुश असतं, लागर जातीचं ८ ते १३ वर. फ्रीजरची हवा १८ ठेवली म्हणून आत १८ आहे असं समजलात तर यीस्ट तापेल आणि चवीत नको ते येईल. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. भांड्याच्या अंगाला टेकवून वर फोमचा जाड तुकडा बांधा किंवा झाकणातून आत जाणारी बंद नळी बसवून तिच्यात घाला. ऊर्जेचं एकक ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते जेम्स जूल हे इंग्लंडमधल्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातले होते. तापमानातला बारीकसा फरक मोजायचं महत्त्व अशा घरात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागलं नसेल.

आणि ज्या मुद्द्यावर मी कुणाचंही ऐकत नाही तो हा: नजर बिनतारी ठेवा, लगाम तारेचा ठेवा. फ्रीजर चालू-बंद करणारा कंट्रोलर त्याच्या स्वतःच्या, तारेनं जोडलेल्या सेन्सरवर चालला पाहिजे. राउटर बंद पडो, इंटरनेट जावो, कंपनीचा सर्व्हर कायमचा बंद होवो, थंडी चालू राहिली पाहिजे. बिनतारी यंत्रणा आपल्याला बातमी देते. बातमी उशिरा आली तर चालतं, थंडी उशिरा आली तर चालत नाही. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर तीन ते पाच मिनिटं तो परत चालू होणार नाही, अशी सोयही त्याच कंट्रोलरमध्ये असावी, नाहीतर मोटर जळते.

आडव्या फ्रीजरमध्ये वाकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आंबवणातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो आत तळाशी साचतो. दार उघडलं की लगेच डोकं आत घालू नका. पिकत्या केळीच्या चेंबरमध्येही आम्ही आधी दार उघडतो, पंखा चालवतो आणि मगच आत शिरतो.

राहिला भाच्याचा मूळ प्रश्न, संपलं कधी म्हणायचं? सेन्सरची रेघ सपाट झाली, निरोप ताजे आहेत, अनुक्रमांक सलग आहेत, बॅटरी ठीक आहे, एवढं जमलं की काचेचा हायड्रोमीटर काढायचा. नमुना घ्यायचा, त्यातला गॅस हलवून घालवायचा, माप लिहायचं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तसंच माप आलं तर संपलं. माप अपेक्षेपेक्षा बरंच वर अडकलेलं असेल तर आंबवण मध्येच थांबलंय. भांडं एक-दोन अंश गरम करून यीस्ट हलकेच हलवून बघायचं. ही दुहेरी खात्री चैनीची नाही. साखर शिल्लक असताना बिअर बाटलीत भरली तर यीस्ट बाटलीतही काम करत राहतं. घनतेचा एक पॉइंट, म्हणजे ०.००१, उतरला की बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा गॅस तयार होतो. चार-पाच पॉइंट शिल्लक असताना वर बाटलीतल्या फेसासाठीची साखर घातली, तर काच फुटते, आणि कुणाच्या तरी हातात फुटते.

परवा भाच्यानं त्याच्या पडद्याचा फोटो पाठवला. वर घनता, १.०१२. तिच्या खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात: शेवटचा निरोप ४ मिनिटांपूर्वी, क्रमांक ५३१, बॅटरी ३.९. शेजारी ओट्यावर काचेचा हायड्रोमीटर आणि त्याच्या हस्ताक्षरातला कागद, त्यावर दोन दिवसांच्या दोन नोंदी, दोन्ही १.०११. मी तो फोटो सावद्याच्या चेंबरवर वॉचमनला दाखवला. तिथे प्रत्येक दाराशी आता साधा काट्याचा थर्मामीटर टांगलेला आहे आणि दोरीला बांधलेली एक वही. दर दोन तासांनी तो काटा बघतो, पेन्सिलनं आकडा लिहितो आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघतो.